‘देणं लागतंय का?’

परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, कुठल्याही तहसीलच्या आवारात सकाळी अकराच्या पुढे जावं. मुद्रांक विक्रेते, अर्ज लिहिणारे आणि नोटरी टेबल टाकून बसतात तिथे दोन-चार तास कान उघडे ठेवून उभं राहावं. आपल्या समाजाविषयी जे कुठल्या व्याख्यानमालेत कळत नाही, ते तिथे फुकट कळतं. ‘साहेब, बहिणीला हिस्सा देणं लागतंय का?’ ‘पोरीला सतरा सरून आठ महिने झालेत, जमतंय का?’ ‘मायच्या नावावरचं रान आहे, ती आता बोलत बी नाही, अंगठा चालतो का?’ ‘भावजय दुसरं लग्न करणार म्हणतात, मग तिचं नाव कमी होतं ना?’ मधूनच एखादा दबक्या आवाजात विचारतो, ‘ठाण्यात फिर्याद घेत नाहीत, काय करावं?’

हा शेवटचा प्रश्न सोडला, तर बाकीच्यांत हक्क मिळवायची धडपड कुठे दिसते? दुसऱ्याचा हक्क कसा बुडवता येईल, एवढीच चौकशी आहे. आणि हा दुसरा कोणी परमुलखातला शत्रू नाही. सख्खी बहीण, विधवा भावजय, अंथरुणाला खिळलेली आई, पोटची पोर. कायद्यापुढे आपण जे प्रश्न घेऊन जातो, त्यांत आपली घरं उघडी पडतात. ती कशी दिसतात, हे स्पष्ट बोलायला हवं. बाहेरच्या अन्यायाबद्दल बोलायला आपल्याकडे पुढाऱ्यांची कमी नाही. घरातल्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही.

बहिणीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण आवारात सगळ्यात जास्त ऐकू येतो तो हाच. उत्तर सोपं आहे आणि जुनं आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या वाट्याच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, बायको आणि आई हे सारखे वारस, असं १९५६चा हिंदू वारसा कायदा सांगतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ला केली, देशाच्या अकरा वर्षं आधी. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली तीत सुटल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने त्यांनाही आत घेतलं. बाप त्या दिवशी हयात होता की नव्हता, यावर मग पंधरा वर्षं वकिलांनी खल केला. ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला: हक्क जन्माने आहे, बापाच्या हयातीशी त्याचा संबंध नाही. संसदेने सांगितलं, विधिमंडळाने सांगितलं, न्यायालयाने सांगितलं. तरी टेबलापुढचा प्रश्न तसाच: देणं लागतंय का?

लागतंय. तो प्रश्नकर्त्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच त्याचा पुढचा प्रश्न तयार असतो: ‘मग हक्कसोड कशी करायची?’

हक्कसोडपत्राचा दिवस ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळं सांगायला नको. बहिणीला दोन दिवस आधी फोन जातो. गाडी पाठवली जाते, एरवी दिवाळीलाही एसटीनेच ये म्हणणारा भाऊ त्या दिवशी गाडी पाठवतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठा उमटतो, बाहेर आल्यावर चहा-पोहे होतात, साडीचोळी करून बोळवण होते. कागदावर लिहिलेलं असतं, ‘राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय’. ती राजीखुशी कशाची आहे? सही दिली नाही तर माहेर तुटेल, सासरी काही झालं तर दार लावलं जाईल, पोरांच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, याची ती धास्ती आहे. भावाच्या पोटावर पाय दिला असं गाव म्हणेल, हीही आहे. त्याच भावाने वर्षभरात रोडलगतचं रान प्लॉटिंगवाल्याला विकलं, तर कोणाच्या पोटावर कोणाचा पाय पडला, हे गाव विचारत नाही.

‘तिच्या लग्नात पाच लाख घातले की!’ हे ठरलेलं समर्थन. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१पासून गुन्हा आहे. म्हणजे एका गुन्ह्याची पावती दाखवून आपण दुसरा अन्याय माफ करून घेतो, आणि हे बोलणाऱ्या तोंडाला लाज वाटत नाही. शिवाय ते पाच लाख गेले जावयाच्या घरात. बहिणीच्या नावावर त्यातलं काय आलं?

यात कोणत्याही जातीने दुसरीकडे बोट दाखवायचं कारण नाही. मराठा, माळी, धनगर, वंजारी, ब्राह्मण, सगळ्यांच्या हक्कसोडीत मजकूर तोच असतो. शरीयत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देते. मुसलमान घरांत तो निम्माही बहुधा बोलण्यापुरता राहतो. आणि ज्या घराच्या बैठकीत बाबासाहेबांची तसबीर आहे, तिथे तरी वेगळं काय घडतं, हे त्या घरांनी स्वतःला विचारावं. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून ज्या माणसाने सप्टेंबर १९५१मध्ये कायदामंत्रिपद सोडलं, त्याच्या जयंतीची वर्गणी मोठी आणि बहिणीचा हिस्सा शून्य, हा हिशेब जुळत नाही.

इथे एक गोष्ट बहिणींनीही ऐकून ठेवावी. घरी बसून बॉण्डवर लिहिलेलं, नोटरीचा शिक्का मारलेलं ‘संमतीपत्र’ म्हणजे हक्कसोड नव्हे. स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो. तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबाने फेरफार होतो, सातबाऱ्यावरचं नाव कमी होतं. पण सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकी त्याने जन्मत नाही आणि मरतही नाही. फेरफाराची नोटीस लागल्यापासून पंधरा दिवसांत हरकत घेता येते. ती नोटीस चावडीवर लागते, आणि बहीण नांदते साठ कोसांवर. विधवा भावजयीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देऊन टाकतो: नवऱ्याच्या पश्चात तिला मिळालेला हिस्सा तिच्या पुनर्विवाहाने जात नाही. ज्यांना तो जावासा वाटतो, त्यांनी महात्मा फुल्यांच्या फोटोला हार घालताना जरा थांबावं.

आता त्या सतरा वर्षं आठ महिन्यांच्या पोरीकडे वळू. हा प्रश्न विचारणारा बाप उलट्या काळजाचा नसतो, हे आधी कबूल करतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दसरा झाला की कोयता निघतो. मुकादमाची उचल जोडीवर मिळते. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. वयात आलेली पोर मागे कोणापाशी ठेवायची? आश्रमशाळेत, आजीपाशी, की फडावर सोबत न्यायची? बापाला यातलं काहीच सुरक्षित वाटत नाही, मग तो ‘स्थळ’ बघतो. ही अडचण खरी आहे. पण ती ऊसतोडीलाच चिकटवून आपण मोकळे होऊ शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा सुमारे २२ टक्के. महाराष्ट्रात एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याचा नाही. अर्धा जिल्हा काही ऊस तोडायला जात नाही. यात दहा एकर बागायतवाले आहेत, मास्तर आहेत, पतसंस्थेचे संचालक आहेत. आणि प्रत्येक लग्नाला पत्रिका होती, मांडव होता, जेवणावळ होती. जेवायला कोण गेलं होतं? आपणच.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा. लावून देणारे आईबाप, मंगलाष्टकं म्हणणारा, लग्नाला चालना देणारा, रोखायचं सोडून सामील होणारा, सगळे त्यात आरोपी होऊ शकतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गावात हे लग्न रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची आहे. कायद्याने तोच तिथला बालविवाह प्रतिबंध अधिकारी. आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी, पाट्या बदलल्या. त्याला पत्रिका मिळालेली असते. सरपंच बोहल्यापाशी असतो. १०९८ हा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो, आणि ती भिंत ज्या मास्तरच्या वर्गाची, तोच मास्तर पंगतीत वाढत असतो. म्हणून आवारातले प्रश्नही पुढे सरकतात: आधारवरची तारीख बदलता येते का? टीसीवर चूक झाली असं ॲफिडेव्हिट चालेल का? आत्ता साखरपुडा म्हणून उरकलं आणि नोंद पुढच्या वर्षी केली तर? एखादा लिहिणारा या प्रश्नांची उत्तरंही देतो. त्याचे पैसे घेतो.

कायद्यातला एक आधार मात्र कोणी सांगत नाही. अठराच्या आत लावलेलं लग्न ती मुलगी न्यायालयातून रद्द करून घेऊ शकते आणि सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं, म्हणजे विसावं सरेपर्यंत, तिला ती मुभा आहे. या जिल्ह्यात एवढ्या मुलींना जो हक्क लागू पडतो, तो त्यांच्यापर्यंत पोचवायला ना शाळेला वेळ आहे ना कीर्तनकाराला. गंगाखेड जनाबाईचं गाव म्हणून अभिमानाने सांगतो आपण. आज ती इथे जन्मली असती, तर दहावीच्या परीक्षेआधी तिची हळद झाली असती.

धुऱ्याची भांडणं त्यामानाने मर्दानी समजली जातात. काळ्या रानात दर पेरणीला शेजाऱ्याच्या बाजूला एक तास जास्त मारायचा. दहा वर्षांत हातभर धुरा गिळला जातो. मग मोजणीचा अर्ज, भूमी अभिलेखचा मोजणीदार, ‘क’ प्रत, ती न मानणं, फेरमोजणी. म्हातारे निजामाच्या काळापासूनची कुळकथा सांगतात, १९५४-५५च्या खासरा पाहणीत नाव कोणाचं होतं ते काढतात. रस्त्याचं तसंच. शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ता बरोबर मृगाच्या तोंडावर अडवायचा, म्हणजे त्याचं बी-खत बांधावरच राहतं. यावरचा उपाय १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्यापासून आहे: अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे दावा टाका. नवीन रस्ता हवा तर जमीन महसूल संहितेचं १४३ कलम आहे. आदेश होतो, वरच्या साहेबाकडून स्थगिती येते, मग दिवाणी कोर्ट. दोन्ही घरांनी मिळून वकिलावर जेवढं घातलं, त्यात तो धुरा दोनदा विकत आला असता. हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांना हातभर रान नको असतं, शेजारी वाकलेला हवा असतो.

सरकारी टेबलामागचा माणूस या सगळ्यात साळसूद नाही. एकच उदाहरण देतो. शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. हा आदेश २००४चा. आज वीस वर्षांनंतरही जातीच्या दाखल्याला, उत्पन्नाला, वारस नोंदीला ‘बॉण्ड आणा’ असं खिडकीतून सांगितलं जातं, आणि ऑक्टोबर २०२४ला शंभराचा बॉण्ड बंद झाल्यापासून तो पाचशेचा आणावा लागतो. मजुरीचा दीड दिवस. २०१५पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल याचा फलक प्रत्येक कार्यालयात हवा, उशीर केला तर अधिकाऱ्याला दंड आहे. फलक असतो. त्यासमोर दुचाक्या लावलेल्या असतात.

पण साहेबाला शिव्या घालणं सोपं आणि आवडतं. म्हणून पुन्हा आपल्याकडेच येतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण कोणी रचली ठाऊक नाही. ज्याच्याकडे ताबा होता त्यानेच रचली असावी. तारखांची दैना खोटी नाही. तालुक्याला दावा, जिल्ह्याला अपील, त्यावर छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. नातू कर्ता होईस्तोवर निकाल लागतो. पण ही म्हण सांगितली कोणाला जाते? वाटा मागणाऱ्या बहिणीला, पोटगी मागणाऱ्या सुनेला, मजुरी बुडालेल्या सालगड्याला. बांध कोरणाऱ्याला, सुनेला हाकलून देणाऱ्याला कोणी ती ऐकवत नाही. गावातले चार शहाणे बसून ‘मिटवून घ्या’ म्हणतात, तेव्हा दरवेळी सोडावं लागतं ते कमकुवताला. त्याला आपण सामोपचार म्हणतो. आणि जातीच्या पंचांनी कुणाला वाळीत टाकलं, तर त्याविरुद्ध २०१६चा स्वतंत्र कायदा राज्याने केला आहे, हे पंचांना माहीत असतं. वाळीत पडलेल्याला नसतं.

ज्यांनी खरं म्हणजे विचारायला यायला हवं, ते आवारात दिसतच नाहीत. सावकाराने गहाणाच्या नावाखाली खरेदीखत करून घेतलेला शेतकरी येतो तो सावकारासोबतच, सही करायला. २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज केला, तर पंधरा वर्षांच्या आतली अशी जमीन परत मिळू शकते, हे त्याला कळतं तेव्हा मुदत सरलेली असते. न उगवलेल्या सोयाबीनची पिशवी तो फेकून देतो. शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे कंपनीला ग्राहक आयोगात खेचता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२लाच सांगितलं आहे, पण बिल आणि पिशवीवरची चिठ्ठी जपून ठेव असं सांगणारं कोणी नसतं. बाईला तर मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, दिव्यांगाला, कोठडीतल्या माणसालाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, १५१०० हा दूरध्वनी आहे, कायदा १९८७चा आणि अमलात १९९५पासून. शिबिरांचे फोटो पेपरात येतात. फोटोत पुढच्या रांगेत कोण बसलेलं असतं, ते बघा: पोलीस पाटील, सरपंच, चेअरमन. ज्यांच्याविरुद्ध विचारायचं, तेच श्रोते.

आणि आता तो दबक्या आवाजातला प्रश्न. ठाण्यात फिर्याद घेत नाहीत, काय करावं? दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल नोव्हेंबर २०१३चा. नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. तीन ओळींचं उत्तर. ते प्रत्यक्षात किती लांब असतं, हे परभणीने साऱ्या देशाला दाखवलं.

१० डिसेंबर २०२४ला परभणीत रेल्वे स्थानकासमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ आणि मग धरपकड. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा वकिलीचं शिक्षण घेणारा पस्तिशीचा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. सरकारने सभागृहात मारहाणीचा आरोप नाकारला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नोंदला जाईना. त्याची आई खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेलं, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सरकारला परत पाठवलं. शिक्षा नव्हे, खटलाही नव्हे. नुसता गुन्हा नोंदवून घ्या, एवढ्यासाठी साडेसात महिने. याच जिल्ह्यातला ख्वाजा युनूस हा अभियंता २००३मध्ये मुंबई पोलिसांच्या ताब्यात असताना गेला. तो पळून गेला असं आधी सांगितलं गेलं होतं. त्याच्या घरच्यांनी किती वर्षं न्यायालयाच्या दारात काढली, हे परभणीला सांगायला नको.

या साडेसात महिन्यांत इथल्या पांढरपेशा घरांतून मी एकच प्रश्न जास्त ऐकला: ‘तो तिथं गेलाच कशाला होता?’ म्हणजे कोठडीत माणूस मेला तर उत्तर मेलेल्याने द्यायचं. ज्यांचं रक्त त्या विटंबनेने खवळलं ते योग्यच खवळलं. पण त्याच संविधानातली समता त्यांच्याही आणि आमच्याही घरात हक्कसोडीच्या दिवशी खाली मान घालून बसते, तेव्हा बंद कोण पुकारतो?

ग्रामसभा वर्षातून चारदा तरी भरवावी लागते: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. कित्येक गावांत तिचं रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतले जातात. येत्या सभेला ते रजिस्टर घरी आलं तर अंगठा देऊ नका, सभेलाच जा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा, या वर्षी गावात लग्नं किती लागली, त्यांतल्या किती मुलींचे जन्मदाखले तुम्ही पाहिले आणि किती लग्नं थांबवली. तलाठ्याला विचारा, वर्षभरात हक्कसोडीचे फेरफार किती झाले आणि त्यांत एकाही भावाने बहिणीला हिस्सा सोडल्याची नोंद आहे का. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि सरपंचाची सही झाल्याशिवाय उठू नका.